दुपारची नवरी

मंदा शिर्के रोज दुपारी दोन ते चार नवरी असायची. नवरा शिफ्टला गेलेला, मुलं आपापल्या कामाला लागलेली, ओट्यावर काही उकळत नाही, अशा वेळी ती पदराला हात पुसत गॅलरीत यायची आणि समोरच्या गॅलरीत मी दिसले की सांगायची, "चला बाई, नवरी झाले." पुण्यामुंबईच्या माणसाला हे ऐकून घाम फुटेल. बडोद्यात कुणाला काही वाटत नाही. गुजरातीत नवरं असणं म्हणजे मोकळं असणं, हाताला काम नसणं. आम्ही बडोद्याचे मराठी लोक पिढ्यान् पिढ्या घरात मराठी आणि दारात गुजराती बोलतो, आणि उंबऱ्यावर दोन्हींची सरमिसळ होते. त्यामुळे आमच्याकडे बाई नवरी होते, पुरुष नवरा होतो, आणि त्यासाठी भटजी बोलवावा लागत नाही.

मी निजामपुऱ्यात राहते. तेव्हा एका मराठी शाळेत सकाळच्या पाळीत गणित शिकवत होते, आता निवृत्त आहे. मंदा समोरच्या इमारतीत, माझ्याच मजल्यावर. दोघींच्या मध्ये एक अरुंद बोळ. तिनं कढीपत्त्याची डहाळी फेकली तर माझ्या कुंडीत पडायची, आणि ती फेकायचीसुद्धा, कारण जिने उतरणं-चढणं तिला वेळेचा अपव्यय वाटायचा. उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज असा की बोळाच्या टोकाचा भाजीवाला वळून बघे. शिर्क्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. ती त्या घरची सून, पण बोलणं ऐकून वाटायचं की फौजेत हीच होती आणि बाकीचे मागून आले.

तिच्या हातात झारा असे. मुलांना शिकवायला लागल्यावरही तो सुटला नाही. भिंतीवर भारताचा मोठा नकाशा होता आणि मंदा झाऱ्यानं नद्या दाखवायची. पुऱ्या तळता तळता गोदावरी सांगायची असेल तर दुसरं काय होणार. नागपूरच्या आसपास तेलाचा एक चांगला मोठा डाग पडला होता. मी त्यावर बोलले तर म्हणाली, "असू दे बाई, मुलांना नागपूर पटकन सापडतं."

ही मुलं म्हणजे निनाद आणि केतकी. निनाद नववीत होता तेव्हा त्याच्या पोटात दुखायला लागलं. रोज सकाळी, शाळेची वेळ झाली की. डॉक्टर झाले, ओवा झाला, दृष्ट काढून झाली. रविवारी दुखत नसे. पोरगा हुशार होता, पण कुणी चारचौघांत उभं करून विचारलं की त्याची वाचा बसायची, आणि त्या शाळेत दिवसभर दुसरं काही चालतच नव्हतं. शेवटी मंदा शाळेत जाऊन आली. तिथं तिला सांगण्यात आलं की काळजी करू नका, सवय होईल. ती घरी आली, चपला काढल्या आणि म्हणाली, "सवय कशाची होईल ते विचारायचंच राहिलं." आणि दुसऱ्या दिवसापासून निनाद शाळेत गेला नाही. तेरा वर्षांच्या केतकीनं चार दिवस हे पाहिलं. मग दप्तर कोपऱ्यात ठेवून ती म्हणाली, "दादा घरी बसून शिकणार आणि मी उन्हात सायकल हाणू? हे नाही चालायचं." मग तीही घरी.

माझं डोकं फिरलं. मी हाडाची मास्तरीण. माझ्या डोळ्यांदेखत दोन धडधाकट मुलांनी शाळेवर पाणी सोडावं हे मला सहन होण्यासारखं नव्हतं, आणि मला सहन झालं नाही की मी ते पोटात ठेवत नाही.

"मंदा, तुला बीजगणित येतं?" मी गॅलरीतून विचारलं.

"नाही येत."

"भूमिती?"

"ते तर मुळीच नाही."

"मग शिकवणार कोण?"

"कुणाला तरी येत असेल ने, बाई. विचारू या."

हे तिचं ब्रीदवाक्य. "मला नाही येत. चला, विचारू या." येत नाही हे सांगताना लोकांची मान खाली जाते. हिची वर व्हायची, जणू आता फिरायला जायचं ठरलं. तळमजल्यावरच्या जशुबेन डोक्याला हात लावून म्हणायच्या, "भण्या पण गण्या नहीं." म्हणजे पुस्तकं शिकला पण शहाणपण नाही आलं. गुजरातीत ही म्हण आहे आणि ती कुणालाही लावता येते. मंदा हसून म्हणायची, "जशुबेन, माझी तर भणतही नाहीत. आता गणतात का बघू."

हसणं थांबलं ते डभोईहून अण्णा आले तेव्हा. अण्णा म्हणजे तिचे सासरे. पांढऱ्या मिशा, हातात काठी, बसमधून उतरून कुणाचा हात न धरता चालत येणारे. त्या दिवशी शिर्क्यांचं दार उघडं होतं आणि बोळात आवाज घुमत होता, त्यामुळे मला कान देण्याची गरजच पडली नाही.

"सूनबाई, शिर्क्यांच्या घरातलं कुणी रणातून पळालं नाही. हा शाळेतून पळतो?"

"पळाला नाही अण्णा. मीच त्याला माघारी बोलावलंय."

अण्णांची काठी एकदा जमिनीवर वाजली. फौजी घरातला माणूस, माघारी बोलावणं आणि पळणं यातला फरक त्याला कळत असणार. मग म्हणाले, "बरं. दहावीला बसव. घरी शिकणाऱ्यांना बसता येतं असं दत्ता म्हणतो. पास झाला तर मी अवाक्षर काढणार नाही. नापास झाला तर तो डभोईला येणार. माझ्या नजरेखाली, तिथल्या शाळेत. कबूल?"

दत्ता म्हणजे मंदाचा नवरा. तो भला माणूस आहे, पण बापासमोर त्याची नजर कायम कॅलेंडरवर असायची, जणू एकादशी कधी आहे ते बघतोय. मंदा म्हणाली, "कबूल."

संध्याकाळी ती गॅलरीत आली. हातात झारा नव्हता. आवाज एवढा खाली की मला कठड्यावर ओणवं व्हावं लागलं. "बाई, त्याचं पोट दुखायचं आत्ता कुठं थांबलंय. तो तिकडे गेला तर परत नाही यायचा. म्हणजे येईल, पण असा नाही यायचा." मी तिला कढीपत्ता मागितला. तिनं फेकला.

त्यानंतर तिनं कंबर कसली. पुस्तकात समरूप त्रिकोण आले. मी मदत करणार नाही असं जाहीर केलेलं होतं, तरी तोंडून निघून गेलं की सावली मोजून उंच इमारतीची उंची काढता येते. चूक झाली. पुढच्या रविवारी सकाळी ती मला ओढतच पाणीगेटला घेऊन गेली. बरोबर निनाद, केतकी, एक मीटरची काठी आणि दत्ताच्या पेटीतला टेप. शहराच्या त्या जुन्या वेशीची उंची काढायची होती. हिवाळ्याचं कोवळं ऊन, वेशीची लांब सावली रस्त्यावर पडलेली, आणि त्या सावलीत दुकानांच्या पुढे आलेल्या पाट्या, टोपल्या, बाकडी. केतकीनं टेपचं टोक भिंतीला लावलं. मंदा टेप उलगडत मागं मागं आली आणि खणखणीत आवाजात ओरडली, "लिही. इथपर्यंत."

एका क्षणात बाजारात कुजबुज सुरू झाली. "दबाणवाळा आव्या." दबाण म्हणजे अतिक्रमण. ही बाई महापालिकेची, रस्ता रुंद करायला आली असं सगळ्यांना वाटलं. बांगड्यांवाल्यानं बाकडं आत ओढलं. शेजारच्यानं पाटी उतरवली. बघता बघता दोन्ही बाजूंची दुकानं हातभर मागं सरकली आणि पाणीगेटचा रस्ता मी जन्मात पाहिला नव्हता एवढा मोकळा झाला. एक वयस्कर दुकानदार चहा घेऊन, काय मोजताय ते विचारायला आला. "बेन, चा पीशो? अने आ शुं मापो छो?"

"सावली," मंदा म्हणाली.

त्या माणसाला वाटलं हा नवीन कायदा असणार. तो काकुळतीनं म्हणाला की सावलीवर आमचा काही हक्क नाही, पण दुकान बापजाद्यांचं आहे. मी रस्त्याच्या पलीकडे उसाच्या रसाच्या गाडीजवळ उभी होते आणि ही मंडळी माझ्या ओळखीची नाहीत असा चेहरा करून होते. मंदानं त्याला समजावलं की आम्ही दहावीचं गणित करतोय. तो मागं वळून ओरडला, "गणित छे, गणित." सगळा बाजार हसायला लागला. बाकडी पुन्हा पुढे आली. मग तर झुंबड उडाली. एकानं निनादची काठी सरळ धरली, एकानं सावलीत उभी असलेली हातगाडी हलवली. आणि उत्तर काय आलं हे सगळ्यांनाच हवं होतं, तेव्हा निनाद बांगड्यांच्या बाकड्यावर बसून आकडेमोड करायला लागला. भोवती ही गर्दी. मला धसका बसला, म्हटलं आता याची वाचा बसणार. त्यानं डोकं वर केलं आणि गुजरातीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर सांगितलं. त्याला उभं करून कुणी विचारलं नव्हतं, तो बसला होता आणि लोक उभे होते, एवढाच काय तो फरक. मी लगेच रस्ता ओलांडला आणि त्याची रीत तपासली. बरोबर होती. अर्थात एक पायरी गाळली होती, ती मी लिहायला लावली.

त्याच वर्षी दत्तानं घरी संगणक आणला. फोनच्या तारेवरून इंटरनेट मिळायचं, जोडताना कुणी मांजराची शेपटी चेंगरल्यासारखा आवाज यायचा आणि जोडलं की घरचा फोन बंद. मंदाला कुठून तरी पत्ता लागला की घरी मुलांना शिकवणाऱ्या मराठी आईबापांचा एक ई-मेलचा गट आहे. एकानं लिहायचं, सगळ्यांना पोचायचं. ती हरखली. एवढे दिवस तिला वाटायचं की जगात आपण एकट्याच शहाण्या किंवा एकट्याच वेड्या. आता पुण्याच्या अपर्णाताई होत्या, नागपूरचे बोकारे होते, ते आपल्या जुळ्या मुलींना घरी शिकवायचे. बडोद्याची पाटी कोरी होती, ती हिनं भरली.

तेव्हा आमच्याकडे संगणकावर मराठी अक्षरं उमटत नसत. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं. मंदानं आपली पहिली ओळख अशी लिहिली: "नवरा सकाळीच शिफ्टला जातो. मुलं जेवून वाचत बसतात. मग मी रोज दोन वाजता नवरी होते. चार वाजता संपतं. त्या वेळात कुणीही लिहा, मला आवडेल."

दोन दिवस गटात चिडीचूप. तिसऱ्या दिवशी अपर्णाताईंचं उत्तर आलं. "मंदाताई, गैरसमज नसावा. आपण लिहिता ते आपल्याकडील एखाद्या प्रथेसंबंधी आहे का? मुलांच्या अभ्यासात ही प्रथा घेता येईल असं वाटल्यानं विचारलं." आणि खाली बोकाऱ्यांचं: "वहिनी, अभिनंदन. पण रोज?"

मंदा धावत गॅलरीत आली. "बाई, पुण्याची मंडळी प्रथा विचारतायत. मी असं काय लिहिलं?"

मी तिच्या घरी गेले, वाचलं आणि खुर्चीत बसले. "मंदा, तू लिहिलंयस की नवरा घराबाहेर पडला की तू रोज दोन वाजता लग्न लावतेस."

ती पडद्याकडे बघत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "आणि चारला मोडते." त्यानंतर आम्ही दोघी ज्या हसलो, केतकी पुस्तक टाकून आली, निनाद आला, जशुबेन खालून विचारायला आल्या की काय झालं. जशुबेनना सांगून उपयोग नव्हता. त्यांच्या दृष्टीनं मंदानं अगदी बरोबर लिहिलं होतं.

तिनं खुलासा पाठवला आणि तो शब्द गटाला एवढा आवडला की सगळ्यांनीच उचलला. अपर्णाताई लिहायच्या, "आज पाहुणे आहेत, नवरी होता येणार नाही." बोकाऱ्यांनी एकदा लिहिलं, "आज मी जरा नवरा आहे," आणि पाठोपाठ दुसरी ओळ आली, की वरील मजकूर सौभाग्यवतींनी वाचला असून आज मी नवरा नाही, भांडी आहेत.

त्या दोन तासांत काय काय चालायचं. विश्वामित्रीच्या काठी थंडीत मगरी उन्हाला येऊन पडतात. मंदानं एकदा लिहिलं, "आज मुलांना घेऊन मगरी मोजायला गेलो." पुण्याहून तातडीनं विचारणा झाली की किती अंतरावरून. हिनं उत्तर दिलं, "पुलावरून. मगरींना आमची मोजणी करायची हौस दिसली नाही." एकमेकांचे धडे, एकमेकांची रडगाणी, मूल सकाळी उठतच नाही त्याला काय करावं, सासूबाईंना काय सांगावं. सासूबाईंच्या प्रश्नावर गटात सगळ्यात जास्त लिखाण व्हायचं.

पण मंदाच्या मनातून डभोई जात नव्हती. निनादला तोंडी सगळं यायचं, पाणीगेटच्या बाजारात यायचं, पण कोरा कागद पुढे ठेवून घड्याळ लावलं की हात थांबायचा. तिनं गटात सरळ लिहून टाकलं, माझा मुलगा नापास झाला तर माझ्याजवळ राहणार नाही, मला गणित येत नाही, काय करू. दुसऱ्या दिवशी बोकाऱ्यांनी निनादला स्वतंत्र लिहिलं. माझ्या मुलींना समीकरणं कळत नाहीत, माझं त्या ऐकत नाहीत, तू समजावशील का. आता बोकारे स्वतः शास्त्राचे पदवीधर. पण हे निनादला कुठं माहीत. तो रोज दुपारी त्या दोन पोरींना लेखी समजावायला लागला. लिहून, पायरी पायरीनं, कारण एकही गाळली की नागपूरहून लगेच यायचं, "दादा, हे मधेच कुठून आलं?" माझ्या विद्यार्थिनी शोभल्या असत्या.

अशाच एका दुपारी अण्णा दारात उभे राहिले. दोन दिवस दुपारी फोन लागेना म्हणून घरात काही बरंवाईट झालं असं समजून त्यांनी बस पकडली होती.

"फोन का लागत नाही?"

"फोन कामात आहे अण्णा," मंदा म्हणाली.

"फोनला काय काम?"

मग त्यांनी निनादला टंकताना पाहिलं. कोण ह्या मुली, कुणाच्या, ओळख काय, सगळी चौकशी झाली. "त्यांना समीकरणं येत नाहीत," निनाद म्हणाला.

"आणि तुला येतात?"

"त्यांना सांगता सांगता यायला लागली."

अण्णा शेजारी बसले. तेवढ्यात नागपूरहून प्रश्न आला, की तुझे आजोबा आलेत तर त्यांना विचार, घरात तलवार आहे का. अण्णांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "लिही." त्या दिवशी चार कधी वाजून गेले कुणाला कळलं नाही. पुढे ते आठवड्यातून एकदा बसनं यायला लागले, संस्थानच्या फौजेच्या हकिगती सांगायला. निनाद टंकायचा, गावोगावची मुलं वाचायची आणि उलट प्रश्न विचारायची. मंदाला वाटलं, विरघळले. एकदा निघताना तिनं हळूच विषय काढला. अण्णा काठी उचलत म्हणाले, "हे सगळं छान आहे सूनबाई. पण दहावी म्हणजे दहावी."

गणिताच्या पेपरच्या दिवशी सकाळी मी मुद्दाम गॅलरीत होते. खाली दत्तानं स्कूटर चालू केली होती. निनाद जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला होता, पोट धरून. वर्षभरात पहिल्यांदा. मला वाटलं संपलं. मंदा खाली आली आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसली. तिनं लिमलेटची गोळी दिली नाही, देवाचा अंगारा लावला नाही, तू हुशार आहेस असलं काही म्हणाली नाही.

"पेपरात काय आलंय माहीत आहे तुला?"

त्यानं मान हलवली.

"मलाही नाही. चल, जाऊन विचारू या."

त्यानं पोटावरचा हात काढला. मग उठला आणि स्कूटरवर बसला. स्कूटर वळली तरी मंदा पायरीवरच होती.

निकाल इंटरनेटवर लागणार होता. त्या दिवशी अण्णा सकाळच्या बसनं येऊन बसले. दत्तानं रजा काढली होती. मंदा सकाळपासून संगणक जोडत होती, मांजराची शेपटी चेंगरत होती, आणि पान काही उघडत नव्हतं. गावातल्या सगळ्यांनी एकदमच उघडायला घेतलं असणार. दुपारी माझा फोन वाजला.

"बाई, मी बोकारे, नागपूरहून. निनादचा परीक्षेचा नंबर, अन् तुमच्या फोनचाही, मंदावहिनींनी आम्हाला धाडला होता. मी कधीचा त्यांच्याकडे फोन लावून राहिलो, लागूनच नाही राहिला. तुमच्या समोरच्या नवरीला सांगून द्या, पोट्टा पास झाला."

"गणित?" मी विचारलं. दुसरं काय विचारणार.

"गणितात तर सगळ्या विषयांहून जास्त, बाई."

मी गॅलरीत गेले. तीस वर्षं वर्गात ओरडून कमावलेला आवाज होता, त्या दिवशी तो सत्कारणी लागला. "मंदा, पास. गणितात पहिला नंबर, त्याच्याच विषयांत." मंदा बाहेर आली, मी काय म्हणाले ते तिनं मला पुन्हा म्हणायला लावलं, आणि मग ही सहा फुटी फौजदारीण कठडा धरून ढसाढसा रडली. मलाही रडू आलं. बोळात भाजीवाला थांबून बघत होता, त्याला जशुबेननी गुजरातीत सविस्तर सांगितलं आणि निकाल पुढच्या गल्लीत गेला.

अण्णा बाहेर आले. म्हणाले, "मी खाट विणून ठेवली होती त्याच्यासाठी. नवा सुंभ घालून." त्यांनी काठी कठड्याला टेकवली. "आता मीच झोपेन तिच्यावर," असं म्हणून त्यांनी नातवाच्या डोक्यावर हात ठेवला.

त्या डिसेंबरात गटातली मंडळी बडोद्याला आली. अपर्णाताई आल्या, बोकारे बायको आणि जुळ्यांना घेऊन आले. पत्रातून घट्ट ओळख, तोंडं मात्र पहिल्यांदा बघत होते. बोकाऱ्यांनी आल्या आल्या भिंतीवरचा नकाशा पाहिला आणि गंभीरपणे म्हणाले, "आमचं नागपूर एवढं तेलकट आहे हे खरंच आहे, पण इथं कसं कळलं?" जेवणं झाली. दोन वाजले. अपर्णाताईंनी पिशवीतून मुंडावळ्या काढल्या. मोत्यांच्या, खास तुळशीबागेतून आणलेल्या.

"इतके दिवस रोज दोन वाजता नवरी होत आलात," त्या म्हणाल्या, "मुंडावळ्यांवाचून. आम्हाला बरं वाटत नव्हतं."

मंदा लाजली. मी तिला त्यापूर्वी आणि त्यानंतर कधी लाजताना पाहिलेलं नाही. दत्ता कॅलेंडरवरची नजर काढून म्हणाला, "मग मलाही बांधा. नाहीतर लोक विचारतील नवरदेव कोण." बापासमोर एवढं लांब वाक्य तो पहिल्यांदाच बोलला. निनाद आणि केतकीनं टेबलावरची चादर ओढून अंतरपाट धरला, जुळ्यांनी तांदूळ वाटले आणि अण्णांनी खड्या आवाजात "सावधान" म्हटलं. जशुबेन दारातून डोकावल्या. "कोनां लगन छे?"

"मंदाबेननां," बोकारे जमेल तसं गुजरातीत म्हणाले.

"फरी थी?" जशुबेननी विचारलं, म्हणजे परत का, आणि अक्षता घेऊन आत आल्या.

केतकी दोन वर्षांनी एके दिवशी म्हणाली, मला आता शाळा बघायचीय. मंदा म्हणाली, "जा, विचारून ये कशी आहे." ती गेली आणि तिथंच रमली. मी पेढे वाटले. मी आजही शाळेच्या बाजूची आहे, हे कुणी विसरू नये. निनाद कॉलेजात गेला, आणि सुट्टीत आपणहून डभोईला जायला लागला. तिथं अण्णांच्या ओसरीत, त्या विणलेल्या खाटेवर बसून तो गावातल्या मुलांना गणित शिकवायचा. शिकायला येणारी पोरं वाढत गेली. शिक्षण संपल्यावर त्यानं तिथंच क्लास काढला. त्याच्या क्लासात उत्तर उभं राहून द्यायचं नाही, बसून द्यायचं, असा नियम आहे म्हणतात.

मग अण्णांचे गुडघे गेले. दत्ताच्या कारखान्यानं स्वेच्छानिवृत्ती आणली होती, ती त्यानं घेतली, आणि मंदा डभोईला निघाली. ज्या गावाचं नाव काढलं की हिच्या तोंडचं पाणी पळायचं, त्याच गावाला, हसत, टेम्पो भरून. मी खाली उतरले होते. ती पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती, मांडीवर संगणकाचा पडदा, त्याला मुंडावळ्या गुंडाळलेल्या, आणि त्या सगळ्यावर झारा.

"तिथं जाऊन काय करणार गं?" मी विचारलं. जरा रागानंच विचारलं.

"मला नाही माहीत बाई. जाऊन विचारते."

टेम्पो वळला. खिडकीतून झारा बाहेर आला आणि दोनदा हलला.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मला काही चैन पडेना. समोरची गॅलरी रिकामी, दोन वाजून गेलेले. मी डभोईचा नंबर फिरवला. अण्णांकडे फोनची तीच जुनी तार होती. फोन एंगेज. परत लावला, परत एंगेज. मी चारपर्यंत थांबले.